चार दिवस सोलापूर: एका घरातले तीन सिद्धाराम आणि सगळ्यांचा 1 जून

सोलापुरात काय पाहायचं, हे कोणीही सांगेल. सिद्धेश्वर, भुईकोट, अक्कलकोट, तुळजापूर आणि येताना चादरी. पण दोन-तीन घरं मिळून ही फेरी काढली की वाटेत घरातलेच योगायोग असे काही समोर येतात, की लॉजचा मॅनेजरही पेन खाली ठेवून बघत राहतो. त्यातल्या बहुतेकांना कारण असतं. ते आधी ठाऊक असेल तर तिकिटं, औषधं आणि कुलाचार यांतला घोळ टळतो. हे वर्णन त्या अंगाने केलेलं आहे.

हिशेबाला पंधरा जण धरू. मूळचे सोलापूरकडचे, पण आता पुणे, कल्याण आणि नाशिक अशा तीन घरांत वाटले गेलेले. पासष्टीच्या पुढचे पाच, मधल्या पिढीतले सहा आणि चार मुलं. वेळ दिवाळीच्या सुट्टीतली, पाडवा-भाऊबीज उरकल्यानंतरची. मे महिन्यात सोलापूरचा पारा 42–43 अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे म्हातारी माणसं बरोबर असतील तर उन्हाळ्याचं नावच काढू नये.

निघण्याआधी

रेल्वेच्या एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, आणि आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. पंधरा जणांचं गणित सहा-सहा-तीन असं मांडण्याचा मोह होतो, पण तसं करू नका. ज्येष्ठांना खालचा बर्थ हवा असेल तर ज्येष्ठ नागरिक कोट्यातून त्यांचं एकेकट्याचं किंवा दोघा-दोघांचं तिकीट वेगळं काढावं लागतं. पुरुषाला 60 आणि बाईला 45 पूर्ण हवीत. सहांच्या तिकिटात आजोबांना घुसवलं की हा कोटा लागूच होत नाही, आणि आजोबा मधल्या बर्थवर जातात. तेव्हा दोन, दोन, एक आणि मग उरलेले दहा सहा-चार असे, अशी फोड करा. मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची. कल्याणला आणि पुण्याला ती थांबते, सकाळी सोलापुरात सोडते. नाशिकच्या घराने कल्याणला येऊन तीच गाडी धरावी.

पहिला योगायोग तिकीट काढतानाच भेटतो. मधल्या पिढीतल्या तीन चुलत भावांची नावं एकच: सिद्धाराम. आडनाव तेच, वडिलांचं नाव तेवढं वेगळं. बाहेरच्याला हे विचित्र वाटतं, सोलापूरकराला वाटत नाही. सिद्धरामेश्वर म्हणजे गावाचं दैवत, बाराव्या शतकातले शिवयोगी, त्यामुळे सिद्धाराम, सिद्धेश्वर, सिद्धप्पा ही नावं इथे गल्लोगल्ली. त्यात वारलेल्या आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. आजोबा सिद्धाराम, त्यांना तीन मुलगे, आणि तिघांनीही आपापल्या पहिल्या मुलाला तेच नाव दिलं, हिशेब संपला. मात्र सुनेने सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, ही रीतही त्याच घरात. म्हणून तिघांनाही हाकेचं दुसरं नाव मिळालं: राजू, बाळू, पिंटू. कागदावर एक माणूस तीनदा आणि घरात तीन वेगळी माणसं.

त्याचा त्रास कुठे होतो? तिकिटावर नुसतं पहिलं नाव आणि आडनाव टाकलं, तर एकाच डब्यात एकाच नावाचे तिघे, आणि त्यातल्या दोघांचं वय जवळपास सारखं. ओळखपत्र दाखवताना कोण कुठल्या बर्थचा, यावर घोळ. वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहा. याहून महत्त्वाचं म्हणजे औषधं. पन्नाशीच्या आसपासच्या दोघा सिद्धारामांना रक्तदाबाची गोळी चालू असणं अगदी सहज शक्य आहे. गोळीचं नाव एकच, मिलिग्रॅम वेगळे. पिशवीवर ‘सिद्धाराम’ लिहून काहीच साधत नाही. हाकेचं नाव, गोळीचं नाव, मिलिग्रॅम आणि सकाळ की रात्र, एवढं मार्करने लिहा आणि पिशव्या वेगळ्या रंगाच्या ठेवा.

शिदोरीबद्दल एकच सूचना. कोण काय आणणार, हे फोनवर ठरवा. नाही ठरवलं तर तिन्ही घरांतून शेंगाचटणी आणि धपाटेच येतात, कारण तिन्ही घरांना शिकवणारी सासू एकच होती.

सोमवार: शहर

स्टेशनवरून लॉजवर गेलं की प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र मागतात. आधारची प्रत द्यायचीच तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी द्या. आता रजिस्टरमध्ये मॅनेजर जन्मतारखा उतरवायला लागतो, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीवर त्याचा हात थांबतो. आजोबा 1 जून. त्यांचे भाऊ 1 जून. आत्या 1 जून. राजूचा मोठा मेव्हणा, त्याचाही 1 जून. दोन्ही आज्या मात्र 1 जानेवारी.

‘‘मालक, सगळे एकाच दिवशी कसे?’’

पूर्वी खेड्यात जन्माची नोंद कोण करतो! मूल सुगीत झालं, दुष्काळात झालं, यात्रेच्या आदल्या रात्री झालं, एवढंच लक्षात. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजींना रकान्यात तारीख लागायची. शाळा जूनमध्ये सुरू होणार, तेव्हा मुलाला सहा वर्षं पूर्ण दिसली म्हणजे झालं. गुरुजी 1 जून लिहून मोकळे. महाराष्ट्रात एका विशिष्ट वयाच्या माणसांत 1 जूनचे वाढदिवस ढिगाने सापडतात ते यामुळे. सरकारी नोकरीत महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून 31 मे रोजी कचेऱ्यांतून नारळ-शालींची रांग लागते.

आज्यांची 1 जानेवारी कुठून आली? त्या शाळेतच गेल्या नाहीत. आधार काढताना कागद नव्हता, वय अंदाजे सांगितलं. अशा वेळी वर्ष धरून तारीख 1 जानेवारी पडते. म्हणजे कार्डावरची तारीख पाहून घरातलं कोण शाळेत गेलं आणि कोण नाही, हेही कळतं. आम्हाला हा तपशील फार बोलका वाटतो, कारण एकाच घरात भाऊ जूनमध्ये आणि बहीण जानेवारीत जन्मलेली दिसते, आणि दोघांचीही खरी तारीख कुणालाच ठाऊक नसते.

खऱ्या तारखा एक झाल्या तरी तेही फार दुर्मीळ नाही. 23 माणसं जमली की त्यांत कुणातरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, 50.7 टक्के. पंधरा जणांत ती सुमारे 25 टक्के, तीस जणांत 70. गंमत अशी की आपण आपल्या तारखेशी कोण जुळतं ते पाहतो, आणि गणित मात्र प्रत्येक जोडी तपासतं. पंधरा माणसांत अशा 105 जोड्या निघतात.

कार्डावरची तारीख खिशालाही लागते. एसटीत 75 पूर्ण झालेल्यांचा प्रवास मोफत, 65 ते 75 ला अर्धं तिकीट, बायकांना अर्धं तिकीट. कंडक्टर कार्ड बघतो, सुरकुत्या बघत नाही. खरं वय 77, कार्डावर 74, तर अर्धं तिकीट काढायचं. वाद घालून गाडी थांबवण्यात अर्थ नाही. ही सवलत कर्नाटकच्या गाडीत चालत नाही, आणि अक्कलकोटच्या बाजूला त्या गाड्याही भरपूर असतात, म्हणून चढण्याआधी पाटी वाचा.

दहा वाजता बाहेर पडा. सिद्धेश्वर मंदिर तळ्यात आहे, शेजारी भुईकोट किल्ला. दोन्ही मिळून तीन तास पुरतात. मंदिराच्या आवारातला संमती कट्टा दाखवायला विसरू नका. एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून दिलं, अशी कथा. मकर संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत तो अक्षता सोहळा दर वर्षी होतो. सात नंदीध्वज निघतात, शहराभोवतीच्या 68 लिंगांना तैलाभिषेक होतो. घरात इतके सिद्धाराम का, याचं उत्तर मुलांना इथे उभं करून द्यावं, चटकन कळतं. यात्रेच्या दिवसांत यायचं असेल तर खोली फार आधी सांगून ठेवावी लागते.

चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी पाच मिनिटं थांबा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 1930 च्या मार्शल लॉनंतर चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं. म्हणजे संक्रांतीच्या तोंडावर. त्यामुळे सोलापुरात यात्रेची लगबग आणि हुतात्म्यांचं स्मरण दर वर्षी हातात हात घालून येतं. भैय्या चौकात चीनमध्ये युद्धातल्या जखमींची सेवा केलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर-स्मारक आहे. ज्येष्ठ दमले असतील तर तेवढं सोडलं तरी चालेल, पण मुलांना न्यावं.

रात्री जेवायला कडक भाकरी मागवा. म्हाताऱ्यांसाठी ती आमटीत कुस्करावी लागते, तशी खाल्ली तर दात शाबूत राहतात.

मंगळवार: अक्कलकोट

मंगळवारी तुळजापूर नको आणि गुरुवारी अक्कलकोट नको, या दोन नकारांवर सगळा आठवडा बसवला आहे. देवीचे वार मंगळवार आणि शुक्रवार, स्वामींचा गुरुवार. ज्येष्ठ बरोबर असताना वार साधण्यापेक्षा रांग टाळलेली बरी, असं आमचं मत.

अक्कलकोट सोलापूरपासून 40 किलोमीटर, एसटीने तासाभराचं. सकाळी सातची गाडी धरलीत की वटवृक्ष मंदिर आणि समाधी मठ दुपारच्या आत होतात. स्वामी समर्थांनी 1878 मध्ये देह ठेवला. समाधी त्यांचे शिष्य चोळप्पा यांच्या घरी आहे, आणि मंदिरापासून पायी जाता येतं. दुपारचं जेवण अन्नछत्रात. पंक्तीत एकत्र बसायचा हट्ट धरू नका, पंधरा जणांची जागा एका ओळीत मिळत नाही. कुठे भेटायचं ते आधी ठरवा आणि चपला एकाच्याच नावावर ठेवा. चार वाजेपर्यंत परत. त्या दिवशी संध्याकाळी काहीही ठरवू नका, कारण बुधवारी पायऱ्या आहेत.

बुधवार: तुळजापूर

अंतर 45 किलोमीटर, जिल्हा धाराशिव. पहाटे साडेपाचला निघालं तर उजाडताना पोचतो. मंदिर उतारावर असल्यामुळे दर्शनाला पायऱ्या उतरून जायचं असतं, आणि परत येताना तेवढ्याच चढायच्या. गुडघे दुखणाऱ्यांना ही गोष्ट आधी सांगा, नाहीतर जाताना उत्साहाने उतरतात आणि येताना बसकण मारतात. गोमुख तीर्थ आणि कल्लोळ तीर्थावर हातपाय धुऊन पुढे. ओटीला खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी हे घरून बांधून आणलं तर महाद्वाराबाहेरचा अर्धा तास वाचतो.

सुट्टीतही तारीख पंचांग बघूनच धरा. देवीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात: नवरात्राआधीची घोर निद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंतची श्रमनिद्रा आणि पौषातली मोहनिद्रा. त्या दिवसांत सिंहासनावर मूर्ती नसते. अभिषेक-पूजा ठरवून आलेल्यांचा तेव्हा विरस होतो. दिवाळीच्या सुट्टीत ही अडचण येत नाही.

आणि इथेच तो योगायोग घडतो, ज्याची गोष्ट घरोघर वर्षानुवर्षं सांगितली जाते. पुजाऱ्याच्या ओसरीवर चपला काढाव्यात, आणि आतून ‘‘अगं बया, काकू तुम्ही?’’ अशी हाक यावी. भावकीतलं चौथं घर. ना फोन, ना निरोप, आणि तेही त्याच दिवशी, त्याच वेळी. आईने बोलावून घेतलं, असं सगळ्यांच्या तोंडून एकदम निघतं.

श्रद्धा आपल्या जागी राहू द्या आणि बोटं मोजा. कुलदैवत एक, म्हणून गाव एक. घराण्याचा पुजारी ठरलेला, म्हणून दार एक. नवं लग्न, जावळ, नवस फेडणं, ही कामं लांबवता येत नाहीत, म्हणून वर्ष एक. मुलांची शाळा, म्हणून सुट्टी एक. सुट्टीतून दिवाळीचे दिवस काढा, मंगळवार-शुक्रवार काढा, पौर्णिमा काढा, शाळा उघडण्याआधीचा दिवस काढा. हाताशी उरतात जेमतेम दहा दिवस. त्या दहांतला कुठलाही एक दिवस चार घरांनी न बोलता निवडला, तर निदान दोन घरं एका दिवशी येण्याची शक्यता 49.6 टक्के. पाच घरं असतील तर सुमारे 70. अर्थात सगळी घरं त्याच सुट्टीत निघाली तरच. पण लग्नसराईचं वर्ष असेल तर निघतातच. शिवाय मागच्या सुट्टीत कोणीच भेटलं नव्हतं, ही गोष्ट कुणी कधी सांगत नाही.

या भेटीत तीन अडचणी लपलेल्या असतात. पहिली सुतकाची. दूरच्या चुलत घरात कोणी गेलं असेल आणि तुम्हाला कळलं नसेल, तर ते इथे, ओटी हातात असताना कळतं. मग कुलाचार थांबतो आणि शेकडो किलोमीटरचा प्रवास नुसता हात जोडण्यावर येतो. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी भावकीत एक फोन. दुसरी अडचण नैवेद्याची. पुजाऱ्याच्या घरी पुरणाचा स्वयंपाक सांगून ठेवतात, आणि एकाच आडनावाची दोन घरं आली की पानांची मोजणी चुकते. ‘अमुक घरचे पंधरा’ हे दोनदा ऐकू आलं की एकच निरोप दोनदा आला असं समजतात, आणि तीस जणांत पंधरा जणांचं पुरण शिजतं. गाव आणि हाकेचं नाव सांगून माणसं मोजून द्या. तिसरी अडचण देवीच्या गोंधळाची. दोन घरांचा गोंधळ एकाच संध्याकाळी असेल तर गोंधळी एक घर आधी घेतात, आणि ज्येष्ठ कोण यावर भावकीत जुनी उणीदुणी निघतात. यावर उपाय सोपा आहे: पुजाऱ्याला आठवडाभर आधी फोन करा. कोण कधी येणार हे त्या एका माणसाला ठाऊक असतं. घरांना एकमेकांचा पत्ता नसतो तेव्हाही त्याच्याकडे दोघांचाही निरोप येऊन पडलेला असतो.

दर्शनानंतर चिंतामणी. गोल दगडावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, अशी समजूत. सहा जणांनी पाठोपाठ हात ठेवले आणि सहाही जणांना एकच उत्तर मिळालं, की घरात कुजबुज सुरू होते. दोनच बाजू असल्यावर, आणि दोन्ही सारख्याच सोप्या धरल्या तर, असं 32 वेळांत एकदा व्हायचंच. दिवसभरात तिथे किती कुटुंबं येऊन जातात ते बघितलं तर रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी हा चमत्कार घडतो.

परतीची गाडी चारच्या आत धरा. थंडीच्या दिवसांत सहाला अंधारतं.

गुरुवार: चादरी आणि परत

लॉज सकाळी सोडून सामान तिथेच ठेवायला सांगा. गाडी रात्रीची, दिवस मोकळा.

चादरीच्या दुकानात तिन्ही घरांना एकत्र सोडू नका, हा अनुभवी सल्ला. सोडलं नाही तरी जे व्हायचं ते होतंच. तीन जावा तीन दुकानांत जातात आणि संध्याकाळी तीच मरून रंगाची, मोरपिसाच्या नक्षीची चादर काढून दाखवतात. कारण तिघींच्या डोळ्यांसमोर सासूबाईंची जुनी चादर असते, आणि नक्षीचे जुने नमुने सोलापुरात बरीच दुकानं ठेवतात. शिवाय तिघींनी तीच चादर त्याच एका माणसासाठी घेतलेली असते, पाय दुखतात म्हणून घरी राहिलेल्या मोठ्या आत्यासाठी. आधी वाटून घ्या, कोणी कुणासाठी घ्यायचं ते.

घेताना दोन्ही बाजू उलटून बघा. जेकार्डवर विणलेल्या चादरीत नक्षी दोन्हीकडे दिसते, रंग तेवढे उलटे होतात. एकीकडे नक्षी आणि मागे लोंबते धागे असतील तर ठेवून द्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरचा मिश्र धाग्याचा माल तिच्या नावाने खपतो. कडेचा एक सुटा धागा मागून घ्या आणि बाहेर येऊन पेटवा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन राख होते. मिश्र असेल तर आक्रसून काळा कडक मणी उरतो. मोठ्या माणसाला साठ बाय नव्वद इंच घ्या, त्याहून लहान घेतली तर पाय उघडे राहतात.

सारख्या दिसणाऱ्या चादरींच्या कोपऱ्यात दुकानातच वेगवेगळ्या रंगाचा टाका घालून घ्या. एकाला लाल, दुसऱ्याला पिवळा, तिसऱ्याला हिरवा. पावतीवर हाकेचं नाव लिहायला सांगा, नाहीतर तिन्ही पावत्या सिद्धारामच्या. पहिले दोन-तीन धुणे वेगळे, गार पाण्यात, आणि सावलीत वाळवणं. गडद रंग सुरुवातीला सुटतोच, तो दोष नाही. पांढऱ्या शर्टाबरोबर टाकली तर दोष तुमचा.

शेंगाचटणी विकत घ्यायची असेल तर उखळात कुटलेली घ्या. तेल सुटून बोटाला चिकटते ती कुटलेली, भुरभुरीत असते ती मिक्सरची. घरी करायची तर पाव किलो भाजून सोललेले दाणे, दहा-बारा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, दोन ते तीन चमचे तिखट आणि चवीला मीठ. आधी लसूण-जिरं-मीठ, मग दाणे थोडे थोडे. मिक्सर लावायचाच तर झटके देऊन थांबत थांबत, सलग फिरवला की भांडं तापतं आणि लगदा होतो. ओला चमचा डब्यात गेला की आठवड्यात वास येतो.

स्लीपर आणि थ्री एसीत माणशी 40 किलो सामान मोफत, त्यामुळे वजनाची काळजी नाही. अडचण जागेची. दहा-बारा जाड चादरींचं एक गाठोडं बर्थखाली शिरत नाही. दुकानदाराला चार-चारची तीन चपटी बंडलं सुतळीने बांधायला सांगा, आणि प्रत्येक घराचं बंडल त्या घराच्याच बर्थखाली सरकवा, कारण पुणेकर रात्रीत उतरणार आणि कल्याणकर पहाटे.